गर्भाचे पोषण : कर्म कोणाचे?

कळवण तालुक्यातील एका गावी कार्तिकातल्या सप्ताहात माझी सेवा होती. कीर्तन आटोपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी घरोघर पांगली. मी उपरणे घडी करून ठेवीत होतो, तोच एक वृद्ध माळकरी जवळ येऊन बसले. बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, "महाराज, एक शंका आहे. ती मनात ठेवून घरी गेलो तर झोप लागायची नाही. धाकट्या सुनेला मुलगी झाली. पावणेदोन किलोची. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली आहे. घरात जो तो म्हणतो, सुनेचंच काहीतरी चुकलं. कोणी मागल्या जन्माचं म्हणतो, कोणी ग्रहणात विळी हाती धरली म्हणतो. तुम्ही शास्त्र शिकलेले. सांगा, हे कर्म कुणाचं? पोरीचं, की तिच्या आईचं?"

प्रश्न ऐकून मी स्तब्ध झालो. उत्तर सुचेना म्हणून नव्हे. हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि त्याला दिलेले उत्तर इतकी वर्षे माझ्या गळ्याशी अडकून राहिले आहे. ते आधी भाविक वाचकांपुढे ठेवतो, मग शास्त्राकडे वळतो.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांची यात्रा भरते. आमच्या भागातून दिंड्या पायी जातात. पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलेला मी, वय पंचविशीच्या आसपास, अशाच एका दिंडीबरोबर होतो. दिंडीत एक बाई होती. सहावा महिना लागलेला, डोक्यावर तुळस, पौषातली थंडी, आणि एकादशीला पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. रात्रीच्या कीर्तनात मी तिचाच दृष्टांत घेतला. हात करून तिच्याकडे दाखविले आणि म्हणालो, निष्ठा असावी तर अशी! टाळकऱ्यांनी टाळ वाजविले, मंडळींनी नामाचा गजर केला, बाईने पदर सावरून नमस्कार केला. मला वाटले, दृष्टांत रंगला.

तो रंग तिला किती महाग पडला हे पुढे कळले. एवढी मोठी प्रशंसा झाल्यावर ती एकादशी कशी मोडणार? पुढची प्रत्येक एकादशी तिने निर्जळ केली, वर सोमवार धरले. दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. पोर मुठीएवढे होते, नवव्या दिवशी गेले. वर्षाने त्या गावी कीर्तनाला गेलो तेव्हा ती पाया पडायला आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "महाराज, माझं काय चुकलं?" मी ठेवणीतले उत्तर दिले, "बाई, ज्याचे त्याचे प्रारब्ध. शोक करू नये." तिने मान हलविली आणि निघून गेली. त्यानंतर त्या गावी अनेकदा गेलो, पण ती बाई कीर्तनाला आलेली मी पाहिली नाही.

तिच्या उपवासानेच मूल गेले असे मी आज म्हणत नाही. तो निवाडा करणारा मी कोण? शंभर कारणे असतील. माझे पाप वेगळे आहे. मी 'प्रारब्ध' हा शब्द उच्चारला आणि बाकीच्या सगळ्या प्रश्नांची दारे एका झटक्यात लावून टाकली. ती काय खात होती, किती हंडे पाणी वाहत होती, तिला दम लागत होता का, घरात तिची विचारपूस कोण करीत होते, हे मी विचारले नाही, आणि माझ्या उत्तराने घरच्यांनाही विचारावे लागले नाही. शास्त्राचा शब्द मी झाकणासारखा वापरला.

आता पूर्वपक्ष मांडू. कोणी म्हणेल, बुवा, कर्मसिद्धांत तर खरा ना? जीव आपले कर्म घेऊन गर्भात येतो, त्याप्रमाणे त्याला देह मिळतो, मग गर्भ वाढला किंवा खुरटला तर त्यात बाहेरच्यांचा संबंध काय?

याला उत्तर देण्याआधी आपल्या शेताकडे या. आमच्या भागात उन्हाळी कांदा हे मोठे पीक. उळे टाकतो, रोप करतो, लावणी करतो. काढणीला कांदा पोसलेला नसला, सगळी गोल्टीच निघाली, तर शेतकरी काय म्हणतो? 'रोपाचे प्रारब्ध' असे म्हणतो का? तो म्हणतो, पाण्याची पाळी चुकली, खत कमी पडले, उळे खराब होते, लावणी दाट झाली. चार जाणत्यांना विचारतो आणि पुढच्या वर्षी सुधारतो. ज्या घरात कांद्याला एवढा न्याय मिळतो, त्या घरात पोटच्या पोराला तेवढाही मिळू नये? कांदा पोसला नाही तर कारण शोधायचे आणि गर्भ पोसला नाही तर सुनेचे कर्म शोधायचे, हा कुठला सिद्धांत!

शास्त्रकारांनी हा प्रश्न टाळलेला नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातला तिसरा अध्याय पाहा. तिथे गर्भ कशाकशापासून होतो याचा वाद आहे. भगवान आत्रेय सांगतात, गर्भ मातेपासून होतो, पित्यापासून होतो, आत्म्यापासून होतो, सात्म्यापासून म्हणजे शरीराला मानवणाऱ्या आहारविहारापासून होतो, आणि रसापासून म्हणजे आईने खाल्लेल्या अन्नाच्या सारापासून होतो. मनाचाही त्यात भाग आहे. यावर भरद्वाज उठून एकेक पद खोडतात. आईच गर्भ करीत असती, बापच करीत असता, आत्माच करीत असता, तर असे का होत नाही, तसे का होत नाही, अशी शंकांची मालिका लावतात. आत्रेयांचे उत्तर फार सुंदर आहे. ते म्हणतात, यातले एकटे कोणीच गर्भ करीत नाही, सगळे मिळून करतात. अनेक प्रकारचे सामान एकत्र आले म्हणजे घर उभे राहते, अनेक अंगे जुळली म्हणजे रथ होतो, तसा हा गर्भ आहे.

सज्जनहो, इथे थोडे थांबा. आत्म्याबरोबर येणारे कर्म आत्रेयांनी नाकारले नाही, परंतु त्याला पंक्तीत एक पान दिले. सगळी पंगत त्याच्या हवाली केली नाही. आपण मात्र एका कर्माला बसविले आणि बाप, अन्न, आहारविहार, मन या सगळ्यांना पंगतीतून उठविले. आणि दोष द्यायची वेळ आली की आई तेवढी शिल्लक ठेवली. रथ मोडला तर चाक पाहावे, आस पाहावा, रस्ता पाहावा. घोडीलाच चाबूक मारीत राहणे हे काही शहाणपण नव्हे.

त्याच स्थानाच्या आठव्या अध्यायात याहून रोखठोक वचन आहे. गर्भ वाढत नाही, आतल्या आत सुकतो, अशा एका अवस्थेला चरकाने 'नागोदर' म्हटले आहे, आणि तिची कारणे सांगताना प्रथम काय सांगितले? जी गर्भिणी उपवास आणि व्रते यांतच गुंतलेली असते, जी निकस अन्न खाते, जी स्निग्ध पदार्थ टाळते, तिचा गर्भ वाढ पावत नाही. हे मी पाठशाळेत वाचले होते! गुरुजींनी अर्थ सांगितला होता. तरी त्र्यंबकाच्या वाटेवर मला ते आठवले नाही. विद्या पोथीत राहिली आणि जिभेवर टाळ्यांची आवड राहिली. गर्भिणीला कसे सांभाळावे हे सांगताना त्याच अध्यायात दाखला दिला आहे तो काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्याचा. भांडे हिंदकळू न देता न्यावे तसे तिला जपावे. लक्षात घ्या, हा उपदेश भांड्याला नाही, भांडे वाहणाऱ्याला आहे.

आता आजच्या विद्येकडे वळू. गर्भाचे तोंड म्हणजे नाळ आणि त्याचे स्वयंपाकघर म्हणजे वार. आईच्या रक्तातून प्राणवायू आणि अन्नाचा सार वारेत येतो, तिथून नाळेने बाळाकडे जातो. आईचे रक्तच पातळ असेल तर वारेने तरी कोठून आणावे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे दोन सुना एका ओळीत उभ्या केल्या तर एक फिकी.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण प्रत्येक वारकऱ्याने ऐकावे असे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींची पाहणी केली. शेतकऱ्यांच्याच लेकीसुना त्या. गर्भ राहण्यापूर्वी त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो, वय एकविशीच्या आसपास. त्यांना झालेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या जवळपास भरले. इंग्लंडात साउदॅम्प्टन येथे जन्मणारी बाळे सरासरी साडेतीन किलोची असतात. अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे समजतात, हे आपल्या अंगणवाडीताईही सांगतात.

त्या पाहणीत तीन गोष्टी दिसल्या. पहिली, नुसते पोटभर धान्य खाल्ल्याने बाळाच्या आकारात फारसा फरक दिसला नाही, पण ज्या स्त्रिया पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात होत्या, ज्यांना दूध मिळत होते, त्यांची बाळे मोठी होती. दुसरी, ज्यांच्या वाट्याला शेतातले आणि घरातले कष्ट जास्त, पाणी आणणे जास्त, त्यांची बाळे वजनाने कमी भरली. तिसरी गोष्ट आपणा माळकऱ्यांच्या विशेष कामाची. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात बी-बारा हे जीवनसत्त्व कमी होते. ते वनस्पतीत नसते. जो मांस-अंडे खात नाही त्याला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळायचे. आणि आपल्या घरी काय चालते? सकाळी सगळे दूध डेअरीला जाते, उरले तर नवऱ्याच्या चहाला जाते, आणि सुनेला काळा चहा! तुळशीची माळ घातलेल्या घरात गर्भिणीच्या ताटाशेजारी दुधाचा पेला नसेल तर ती उणीव तिची की घराची? डॉक्टरांनी बी-बाराची गोळी सांगितली तर तिने माळ बाटत नाही, हेही इथे स्पष्ट सांगतो.

आणखी काही गोष्टी आहेत. पाठीचा कणा आणि मेंदू ज्यातून घडतो ती गर्भातली नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. त्या वेळी कित्येक बायांना आपल्याला दिवस गेले आहेत हेही माहीत नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यावी असे डॉक्टर सांगतात. म्हणजे गर्भाची काळजी डोहाळजेवणाला सुरू होत नाही. सून घरात आली त्या दिवसापासून, खरे म्हटले तर ती माहेरी मुलगी होती तेव्हापासून सुरू होते. अठरा वर्षांच्या आत लग्न लावलेल्या मुलीचे स्वतःचेच अंग अजून भरायचे असते. तिच्या पोटातले मूल आणि ती, दोघेही एकाच ताटातला घास मागतात. आपल्या राज्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांत दर पाचांत एकीचे लग्न अठराच्या आत झालेले होते असे त्याच राष्ट्रीय पाहणीत दिसले. त्या लग्नांत अक्षता टाकायला आपण गेलोच होतो.

मशेरीचेही तेच. दात घासायची म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार वेळा लागते. मुंबईतल्या गर्भवतींची एक पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मशेरी किंवा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी शंभर ग्रॅमने हलकी निघाली आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. शंभर ग्रॅम म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. सव्वादोन किलोच्या जीवाला शंभर ग्रॅम फार असतात. आणि इथेही आईलाच बोल लावण्याआधी घरातल्या पुरुषांनी आपला बिडीचा धूर आणि चुलीचा धूर कोणाच्या नाकात जातो ते पाहावे.

कर्मवाद्यांना मी एक दूरदेशीची गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजेने हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद अडविली. शहरेच्या शहरे उपाशी राहिली. त्या काळात ज्यांचे शेवटचे महिने गेले त्या आयांची बाळे सरासरी सुमारे ३०० ग्रॅमने हलकी जन्मली. रसद सुरू झाली, भाकर आली, आणि पुढे जन्मणाऱ्या बाळांचे वजन पुन्हा वाढले. आता सांगा, त्या शहरांतल्या सगळ्या आयांची आणि सगळ्या गर्भांची पूर्वकर्मे नेमकी त्याच हिवाळ्यात पिकली आणि वसंतात संपली काय? कर्म घडले खरे, पण ते वाट अडविणाऱ्याचे. फळ भोगले ते पोटातल्या जीवाने. एवढेच नव्हे, त्या उपासमारीत गर्भात असलेली माणसे पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. नऊ महिन्यांचा उपास पन्नास वर्षे पुरतो.

मोठ्या फौजा सोडा. लहान नाकेबंद्या आपल्या घरोघर आहेत. सगळ्यांची जेवणे झाल्यावर सुनेने बसायचे, तोवर भाजी खरवडून संपलेली, ही नाकेबंदी. पोट भरून खाल्लं तर बाळाला जागा उरत नाही, मूल मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल, म्हणून कमी खा, ही नाकेबंदी. आमच्या डोंगराळ भागातली कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. तिथे आठव्या महिन्याची बाई दिवसभर उभी असते, ही पोटाची नाकेबंदी. आदिवासी भागातल्या गर्भवतींसाठी २०१५ पासून अंगणवाडीत अमृत आहार योजनेत एक वेळचे गरम जेवण मिळते.  योजना चांगली. पण ताट घरी आणले की चौघांत वाटून संपते, आणि जिच्यासाठी आणले तिच्या वाट्याला दोन घास येतात. सरकार ताट देईल, पण ताटावरचा हक्क घरानेच द्यावा लागतो.

आता कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही अन्नाचेच बोलता. संस्कारांचे काय? गर्भावर ऐकण्याचा परिणाम होतो असे आम्ही तुमच्याच तोंडून ऐकले. प्रल्हादाने आईच्या पोटात नारदांचा उपदेश ऐकला, अभिमन्यूने व्यूह ऐकला.

होय, ती कथा मी सांगतो आणि पुढेही सांगेन. पण पूर्ण सांगेन. भागवताच्या सातव्या स्कंधात काय आहे? हिरण्यकशिपू तपाला गेला, देवांनी त्याच्या नगरावर चाल केली, इंद्राने गर्भवती कयाधूला ओढून नेले. ती रडत होती. वाटेत नारद आडवे आले. त्यांनी प्रथम तिला उपदेश केला नाही. प्रथम इंद्राला अडविले, तिला सोडविले, आपल्या आश्रमात आणले, धीर दिला आणि म्हटले, बाळे, नवरा परत येईपर्यंत इथे राहा. ती तिथे निर्भयपणे राहिली, आणि मग उपदेश झाला. आधी निवारा, आधी अभय, मग ज्ञान. आम्ही कीर्तनकार निवारा गाळतो आणि ज्ञान तेवढे सांगतो. ज्या सुनेला दारू पिऊन आलेल्या नवऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून कापरे भरते, तिच्या उशाशी पोथी लावून कोणता संस्कार होणार? तिच्या गर्भाला पहिला संस्कार होतो तो भीतीचा.

अभिमन्यूचेही पाहा. सुभद्रेला झोप लागली म्हणून व्यूहातून बाहेर पडणे त्याला कळले नाही, असे आपण सांगतो. व्यासांच्या द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः एवढेच म्हणतो की, व्यूह फोडण्याची युक्ती मला वडिलांनी शिकविली आहे, पण संकट आले तर बाहेर पडणे मला साधणार नाही. तिथे आईच्या झोपेचे नाव नाही. ती झोप मागाहून आली. पाहिलेत? शिकविले बापाने, अर्धे राहिले बापाकडून, आणि दोष गेला आईच्या झोपेवर! गर्भारपणात दमलेल्या बाईला एक डुलकी लागली तर तिला हजारो वर्षे बोल. ही आपली जुनी खोड आहे.

राहता राहिली एकादशी. हे लिहिताना हात जड होतो, कारण एकादशी हा आपला प्राण आहे. परंतु ज्या जिभेने मी त्या बाईची स्तुती केली, तिने प्रायश्चित्त घेतलेच पाहिजे. म्हणून स्पष्ट सांगतो. गर्भिणीने निर्जळ एकादशी करू नये. दिवसभर नुसत्या साबुदाण्यावर काढू नये. वैद्याने किंवा डॉक्टरांनी खायला सांगितले असेल तर एकादशीलाही तिने वेळेवर खावे. हे नवे मत नव्हे. धर्मशास्त्राच्या निबंधांत गर्भिणीला व्रताच्या दिवशी नक्ताची, म्हणजे रात्री जेवण्याची, सवड आहे. प्रत्यक्ष पंढरपुरात राहून काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मसिंधु लिहिला. ज्याला व्रत झेपत नाही त्याच्या वतीने प्रतिनिधीने ते करावे अशी वाट त्यात आहे, आणि प्रतिनिधींत नवराही आहे. मग अडचण कोठे आहे? सुनेची एकादशी मोडते म्हणून ज्यांना चुटपुट लागते, त्यांनी तिच्या वाट्याची एकादशी आपण करावी. नवऱ्याने करावी, सासऱ्याने करावी. नऊ महिन्यांच्या अठरा-वीस एकादश्या होतात. त्या घरातल्या पुरुषांनी निर्जळ करून पाहाव्यात. दुहेरी पुण्य!

नाथमहाराजांची कथा आपण नेहमी सांगतो. रामेश्वरासाठी काशीहून कावडीने आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, आणि ते रामेश्वराला पोचले असे मानले. कावड रिकामी झाली म्हणून व्रत मोडले असे आपण कधी म्हटले नाही. गाढवाच्या तहानेसाठी जे चालते ते पोटातल्या बाळाच्या तहानेसाठी चालत नाही काय? आपण पांडुरंगाला माउली म्हणतो. माउलीला लेकराच्या तोंडचा घास काढून दिलेला नैवेद्य गोड लागेल?

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. हे सगळे वाचून कोणी सासूबाई उठतील आणि सुनेला म्हणतील, बघ, बुवांनी लिहिलंय, तू पालेभाजी खाल्ली नाहीस म्हणून असं झालं! तसे झाले तर माझ्या हाताने जुनी काठी जाऊन नवी आली एवढेच होईल. बाळ लहान राहण्याची कारणे पुष्कळ. आईचा रक्तदाब वाढतो, वार नीट काम करीत नाही, जुळे असते, जंतूची बाधा होते, आणि कित्येकदा सर्व काही नीट असून डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. ग्रहणात विळी धरल्याने तर काहीच होत नाही. म्हणून कारणे शोधायची ती पुढच्या वाटेसाठी, मागच्या निवाड्यासाठी नव्हे. 'प्रारब्ध' हा शब्दही मी टाकून देत नाही. सर्व प्रयत्न झाल्यावर, जे हातात नव्हते ते सोसताना, दुःखी जीव स्वतःशी तो शब्द म्हणू शकतो. त्याला त्यातून धीर मिळतो. पण दुसऱ्याच्या दुःखावर आपण तो शब्द टाकला की तो धीर राहत नाही, दगड होतो.

असो. त्या रात्री मी त्या वृद्ध माळकऱ्यांना काय सांगितले ते लिहून पुरे करतो. म्हणालो, "आबा, पोरीचं कर्म मला दिसत नाही, सुनेचंही दिसत नाही. पण तुम्ही मला सांगा, ती दिवसाचं पाणी किती आणायची?" ते म्हणाले, "आठ-दहा हंडे." "जेवायची कधी?" "सगळ्यांच्या मागून." "गोळ्या घेतल्या?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही कधी विचारलंच नाही, महाराज." मी म्हणालो, "मीही एकदा विचारलं नव्हतं." आणि त्र्यंबकाच्या वाटेवरची हकीकत त्यांना सांगितली. ज्या बाईला सांगायला हवी होती तिला सांगता आली नाही, म्हणून त्यांना सांगितली.

उठताना त्यांनी विचारले, "आता काय करू?" मी म्हणालो, "उद्या काला आहे. पण तुम्ही कीर्तनाला येऊ नका. दवाखान्यात जा. सुनेला घरचं गरम जेवण न्या, दूध न्या. डॉक्टर सांगतील तसं लेकराला छातीशी धरून बसू द्या तिला. आणि चारचौघांत तिला सांगा, बाई, तुझं काही चुकलं नाही."

ते गेले. दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात त्यांची जागा रिकामी होती. इतक्या वर्षांत रिकामी जागा पाहून मला प्रथमच बरे वाटले.

रामकृष्ण हरि.